शिरगाव, जि. रत्नागिरी – पण नेमकं कुठलं शिरगाव? बाबांना मूळ गावी न्यायचंय, मदत हवी

डोंबिवलीचा_नातू

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव कोकणात आहे एवढं घरात सगळ्यांना माहितीये पण आजच्या घडीला आमच्यातल्या एकानेही ते पाहिलेलं नाही, बाबांनी सुद्धा नाही. आजोबा पोरवयात मुंबईला आले, गिरणीत लागले, लालबागला चाळीत संसार केला, बाबा तिथेच जन्मले आणि नंतर आम्ही डोंबिवलीला आलो. आजोबा आधी गावी जायचे, मग भावाभावांत काहीतरी बिनसलं आणि जाणं बंद झालं, काय बिनसलं ते कुणी सांगत नाही. पत्रं मात्र बरीच वर्षं येत होती म्हणे, पुढे ती पण थांबली.

आता बाबा पंच्याहत्तरीचे आहेत आणि हल्ली सारखं एकच बोलतात, माझ्या बापाचं घर जिथे होतं ती जागा मला एकदा बघायचीय. घर उभं असेल अशी आशा त्यांनाही नाही, जोतं दिसलं तरी पुरे म्हणतात. मला हे त्यांच्यासाठी करायचंच आहे आणि गुडघे अजून साथ देतायत तोवर करायचंय.

हातात काय आहे ते सांगतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, डिस्ट्रिक्ट लोकल बोर्डाच्या शाळेचा, शाईने लिहिलेला, त्यावर राहणार शिरगाव जि. रत्नागिरी एवढंच, तालुका लिहिलेला भाग घडीवर फाटलाय. मॅपवर बघितलं तर रत्नागिरी शहराला लागून एक शिरगाव, चिपळूण तालुक्यात एक शिरगाव, आणि देवगड तालुक्यात एक पण ते तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात दाखवतंय. तीन ठिकाणी बाबांना घेऊन फिरणं शक्य नाही.

आजीच्या बोलण्यातलं जे आठवतंय ते असं. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचे, बोट बंदराबाहेरच थांबायची मग छोट्या होडीतून काठावर, आणि तिथून पुढे डोक्यावर बोचकं घेऊन दिवसभर चालत घर. दुसरं म्हणजे जत्रेत रात्रभर दहीकाला बघायचो असं ती फार रंगून सांगायची. आणि आजोबांचे एक चुलत भाऊ पण गिरणीत होते ते ८२ च्या संपानंतर कायमचे गावी निघून गेले.

तर प्रश्न असे की गाव कुठलं हे नक्की कसं करू, कधी जावं, आणि गेल्यावर कुणाला भेटावं कुठले कागद बघावेत. जमिनीत हिस्सा वगैरे आम्हाला काहीएक नकोय हे आधीच सांगतो.

सातबारा_वाचक

पहिली गोष्ट, देवगडचं शिरगाव सिंधुदुर्गात दिसतंय म्हणून ते यादीतून काढू नका. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी देवगड, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. तुमच्या आजोबांचा दाखला लोकल बोर्डाच्या काळातला म्हणजे जिल्हा परिषदा व्हायच्या आधीचा, १९६२ च्या आधीचा, त्यामुळे त्यावर देवगडचा माणूस असला तरी जि. रत्नागिरी असंच असणार. ह्या एका गोष्टीपायी कितीतरी लोक चुकीच्या जिल्ह्यात खेटे घालत बसतात.

घरबसल्या करण्यासारखं काम म्हणजे महाभूलेखच्या म्हणजे सरकारच्या सातबारा उताऱ्यांच्या साईटवर जा, जिल्हा तालुका गाव निवडून नावाने शोधता येतं, नुसतं आडनाव टाकलं तरी त्या गावातले त्या आडनावाचे खातेदार येतात. तिन्ही शिरगावांत तुमचं आडनाव टाकून बघा. ज्या गावात ते आडनावच नाही ते गाव तुमचं असण्याची शक्यता कमी होते. कमी होते म्हणतोय, संपत नाही, कारण खोतीच्या गावांत, म्हणजे जिथे सारा गोळा करणारा खोत असायचा तिथे, कसणारे एक आणि कागदावर दुसरेच असा प्रकार फार होता, खोती कायद्याने गेली १९४९ च्या कायद्यानंतर आणि कूळ म्हणून नाव लागायला त्याच्यापुढे अजून वर्षं गेली, आणि जो माणूस तेव्हा मुंबईत गिरणीत होता त्याचं नाव राहून गेलं असं घरोघर झालंय. सातबाऱ्यावर मागे राहिलेल्या भावाचं नाव असतं, मुंबईवाल्याचं नसतं. तेव्हा आजोबांचं नाव दिसलं नाही तर निराश होऊ नका, त्यांच्या भावांची आणि पुतण्यांची नावं शोधा, मधल्या नावावर लक्ष ठेवा.

लाल_माती

दादा, तुमच्या आजीने दहीकाला म्हटलंन ना तिथेच मी सावरून बसले. आमच्याकडे जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होतं आणि पहाटे दहीहंडी फोडून संपतं त्यालाच जुनी माणसं दहीकाला म्हणतात. हा दक्षिणेकडचा प्रकार, सिंधुदुर्गातला. तिकडे वर रत्नागिरी चिपळूणला गेलात तर नमन-खेळे आणि जाखडी, शक्ती-तुरा. आजी जर चिपळूणची असती तर तिने नमन सांगितलं असतं.

आणि रत्नागिरी शहराजवळचं शिरगाव तर मी बाजूलाच ठेवेन. ते बंदराच्या अगदी जवळ आहे, मत्स्य महाविद्यालय आहे ना ते शिरगाव. तिथे जायला बोटीतून उतरून दिवसभर कोण चालेल. देवगडचं शिरगाव मात्र आत आहे, देवगड-नांदगाव रस्त्यावर, तळेबाजारच्या पुढे. देवगडला किंवा विजयदुर्गाला बोटीतून उतरायचं आणि चढ-उतार करत जांभ्याचे उघडे सडे तुडवत घरी पोचायचं हे आमच्या आजीचं पण असंच होतं, सामान डोक्यावर आणि पोर कडेवर.

तुमच्या आजीच्या तोंडी देवाचं नाव काय असायचं? शपथ घालताना, ठेच लागल्यावर, गाऱ्हाणं घालताना. रामेश्वर, भगवती, पावणाई, काय? ते विचारा घरात कुणालाही. आणि घरात वाईट काही झालं की गावाकडून देवाला काही सांगून घेतलं असं झालंय का कधी, नारळाचे पैसे पाठवलेत असं?

चिपळूणची_सून

लाल माती ताईंचं बरोबर असेल पण चिपळूणवर इतक्या लवकर फुली मारू नका. आमच्याकडे पण लोक बोटीनेच यायचे, दाभोळला उतरायचे आणि तिथून लाँचने वाशिष्ठीतून वर गोवळकोटपर्यंत. चिपळूणचं शिरगाव पार घाटाच्या पायथ्याशी, पोफळी कोयनेच्या बाजूला, गोवळकोटवरून तिथे जायला पण दिवस मोडतो. त्यामुळे बोट आणि दिवसभराची चाल एवढ्यावरून ठरत नाही. दहीकाला हा मुद्दा दमदार आहे हे मान्य, पण आजी माहेरची एका ठिकाणची आणि सासरची दुसऱ्या ठिकाणची असू शकते, ती लहानपणीचं सांगत होती का लग्नानंतरचं?

मी असते तर दोन गोष्टी विचारल्या असत्या. एक, शिमग्याला पालखी घरी यायची का. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, अंगणात नाचवतात, माणूस सगळं विसरेल पण पालखी दारात आलेली विसरणार नाही, गावात राहिलेल्या बाईने ते सांगितलं नाही असं होणारच नाही.

दुसरी गोष्ट जास्त पक्की. तुम्ही म्हणता पत्रं येत होती. ती पत्रं कुणीतरी ठेवली असतील हो, जुन्या बायका पत्र टाकत नाहीत, तारेला टोचून ठेवतात. पोस्टकार्डावरचा शिक्का बघा, भिंगाने बघा. १९७२ मध्ये पिनकोड आले, त्यानंतरचं पत्र असेल आणि पाठवणाऱ्याने पिन घातला असेल तर प्रश्नच मिटला, रत्नागिरी चिपळूण ४१५ ने सुरू होतात आणि देवगड मालवण बाजू ४१६ ने. आणि आजोबा गावी मनीऑर्डर करत असणारच, गिरणीत पगार झाला की पहिली मनीऑर्डर, त्याच्या पावत्या सापडल्या तर त्यावरही पोस्ट असतं. ट्रंका, देवघराखालचा खण, गादीखाली, सगळं बघा.

गिरणगावातला

मी परळला वाढलो म्हणून वेगळी वाट सुचवतो. गावाच्या आधी मुंबईत शोधा.

आमच्या इकडे प्रत्येक गावाची खोली असायची. एका गावचे बिनलग्नाचे नाहीतर बायको गावी ठेवलेले गिरणी कामगार एका खोलीत, पाळ्यांप्रमाणे झोपायचे, ट्रंका भिंतीला लावलेल्या, जेवण खानावळीत. त्या खोलीतूनच पुढे गावाचं मंडळ झालं, अमुक ग्रामविकास मंडळ मुंबई. ह्या मंडळांकडे वर्गणीच्या वह्या असतात, सभासदाचं नाव, बापाचं नाव, वाडी, हे सगळं लिहिलेलं. रौप्यमहोत्सव सुवर्णमहोत्सव झाला की स्मरणिका काढतात त्यात जुन्या सभासदांची नावं आणि फोटो पण असतात. गाव ठरल्यावर त्या गावचं मुंबई मंडळ शोधा, लालबाग परळ काळाचौकीत दहा जणांना विचारलंत तर अकरावा सांगेल. फेसबुकवर व्हॉट्सॅपवर पण गावांचे ग्रुप आहेत पण मी म्हणेन की एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाठा, वाडी सांगेल तर तोच सांगेल.

आणि ते चुलत आजोबा ८२ च्या संपानंतर गेले म्हणालात, ही तुमच्याकडची सगळ्यात मोलाची माहिती आहे असं मला वाटतं. संपात गावी गेलेल्या त्या पिढीची मुलं आज पन्नाशी साठीची, गावात असतील, शेती करत असतील नाहीतर एसटीत नाहीतर शाळेत लागलेली असतील. त्यांना तुमचे आजोबा माहीत असणार. तुम्ही दगडाचं जोतं शोधताय, तिथे तुमचं माणूस बसलेलं असेल.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे अर्ज भरले होते ना लोकांनी, तुमच्या घरच्यांनी भरला असेल तर त्या फाईलीत गिरणीचं कार्ड, हजेरीचा कागद असं काही लावलेलं असेल, त्यावर मूळ पत्ता असतो कधीकधी. ती फाईल काढा.

डोंबिवलीचा_नातू

मंडळी, काय सांगू. काल आत्याकडे कल्याणला गेलो, ती ऐंशीच्या पुढे आहे पण डोकं लख्ख. मी तुम्ही सांगितलेले प्रश्न एकेक करून विचारले.

पालखी म्हटल्यावर ती म्हणाली आईने असं काही कधी सांगितलं नाही. देवाचं नाव विचारलं तर लगेच रामेश्वर, आणि मग आपणहून म्हणाली की आई महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेला रात्री चालत निघायची, बायकाबायका मिळून, गाणी म्हणत, हे सासरचंच, लग्न झाल्यावरचं. मग तिने कपाटाच्या वरून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पोस्टकार्डं. एक कार्ड ७० च्या दशकातलं आहे, आजोबांच्या त्याच चुलत भावाने सुट्टीत गावी गेले असताना लिहिलंय, भात चांगलं झालंय आणि तुझ्या वाटणीच्या फणसाला यंदा खूप धरलाय असं लिहिलंय, आणि पत्त्याच्या बाजूला स्वतःचा गाव घातलाय, मु. पो. शिरगाव, ता. देवगड. पिन ४१६ ने सुरू होतो.

तुझ्या वाटणीचा फणस. भांडण झालेलं असताना. बाबांना वाचून दाखवलं तर ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

चिपळूणच्या ताई, पत्रांचं तुम्ही सुचवलंत, तुमचे आभार कसे मानू.

लाल_माती

माका लय बरा वाटला वाचून! तुमी आमच्याच वाटेवरचे निघालास.

आता नीट ऐका. जायचं कधी ते आधी. पावसात बाबांना आणूच नका, पाणंदी निसरड्या, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, रान एवढं माजलेलं असतं की जोतं असलं तरी दिसायचं नाही, आणि साप-जनावराची भीती ती वेगळीच. मे महिन्यात आंबे फणस काजू सगळं असतं, मुंबईची माणसं पण गावी असतात, पण उकाडा बाबांना सोसणार नाही आणि गाडीचं तिकीट मिळणार नाही. दिवाळीनंतर या. भातकापणी उरकलेली, हवा बरी, गवत सुकायला लागलेलं, आणि मुख्य म्हणजे कार्तिकापासून आमच्याकडे जत्रा सुरू होतात. गावच्या जत्रेची तारीख फोन करून काढा आणि त्याच दिवसांत या. जत्रेला सगळी भावकी देवळात येते, मानकरी असतात, गुरव असतो, माहेरवाशिणी येतात. वर्षभर हिंडून जितकी माणसं भेटणार नाहीत तितकी एका रात्रीत देवळाच्या मांडावर भेटतील. आणि बाबांना दशावतार बघायला मिळेल, त्यांच्या आईने बघितला तसा.

येताना रात्रीची कोकणकन्या पकडा, सकाळी कणकवलीला उतरा. नांदगाव रोड स्टेशन अंतराने जवळ आहे पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, बाबा बरोबर आहेत तर कणकवलीच बरी. कणकवली स्टँडवरून देवगडच्या एसटी नांदगाव तिठ्यावरून शिरगाव करत जातात. रिक्षा किंवा गाडी केलीत तरी चालेल, परतीचं पण आधीच बोलून ठेवा, संध्याकाळी आयत्या वेळी मिळत नाही. राहायला देवगड किंवा कुणकेश्वर धरा. कुणकेश्वरला समुद्राला लागून देऊळ आहे, आजी जिथे चालत यायची तिथे बाबांना सकाळी न्या, महाशिवरात्र नको, त्या गर्दीत त्यांचे हाल होतील. विजयदुर्ग मात्र ह्या खेपेला सोडा असं मी सांगेन, चढायचं आहे आणि तुम्ही त्यासाठी येत नाही आहात.

कागदांची_आवड

मी जुने दस्त वाचते, मोडीचं थोडंफार काम करते, म्हणून कागदांबद्दल लिहिते.

सगळ्यात आधी शाळा. तुमच्याकडे दाखला आहे म्हणजे त्याच्यावर रजिस्टर नंबर आहे. ती लोकल बोर्डाची शाळा आता जिल्हा परिषदेची मराठी शाळा म्हणून चालू असेल तर जनरल रजिस्टर त्यांच्याकडे असतं, हेडमास्तरांना विनंती करा, शाळेच्या वेळेत जा, शनिवारी सकाळची शाळा असते हे धरून जा. आजोबांची ओळ सापडली की तिथे थांबू नका. त्याच्या मागची पुढची पानं बघा, त्याच आडनावाची मुलं दिसतील, सख्खे चुलत भाऊ बहुतेक वेळा एकदोन वर्षांच्या अंतराने शाळेत घातलेले असतात, बापाचं नाव आणि राहण्याचं ठिकाण पण असतं. त्या दोन पानांतून एका पिढीची वंशावळ उभी राहते.

मग तहसील कार्यालयाची रेकॉर्ड रूम, देवगडला. गाव नमुना १४ मागा, ह्याला कोतवाल बुक म्हणतात, गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. अर्ज करायचा, कोर्ट फी स्टँप लावायचा, गाव आणि साधारण वर्षं लिहायची. वर्षं अगदी नेमकी नसली तर आगेमागे धरून लिहा. जुनी पानं मोडीत असतील तर घाबरू नका, परवानगी घेऊन सरळ वरून उजेडात फोटो काढा आणि वाचणाऱ्याला दाखवा, मला पाठवलेत तरी मी बघेन. जमिनीचे जुने फेरफार आणि जुने सातबारा पण तिथेच, कडईपत्रक म्हणून जमिनीचा एक जुना कागद असतो, असेल तर तोही बघा, बऱ्याच गावांचे स्कॅन केलेले जुने अभिलेख आता ऑनलाईन पण दिसतात, ते निघायच्या आधी घरी बसून बघून या म्हणजे नुसती नक्कल घ्यायचं काम उरेल.

घराच्या जागेसाठी मात्र सातबाऱ्यापेक्षा ग्रामपंचायत. घरपट्टीचा असेसमेंट उतारा, नमुना ८. घर पडलेलं असलं तरी जुन्या रजिस्टरात घर नंबर, मालकाचं नाव आणि वाडी लिहिलेली असते. बाबांना जोतंच बघायचंय ना, मग मला वाटतं तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा कागद हाच.

एक विनंती. हे कागदाचं काम बाबांना बरोबर घेऊन करू नका. ऑफिसात साहेब बाहेर गेलेत, सर्व्हर बंद आहे, उद्या या, हे होणार. आधी तुम्ही एकटे जाऊन या, दोन कामाचे दिवस ठेवून, सोमवार मंगळवार, आणि जोतं कुठे आहे हे कळल्यावरच बाबांना न्या.

तिठ्यावरचा

जत्रेला जा म्हणतायत ते ठीक आहे पण माझं मत गणपतीला. आमच्याकडे कितीतरी घराण्यांचा गणपती एकच असतो, मूळ घरात बसतो, आणि वाटण्या झाल्या भांडणं झाली बोलणं बंद झालं तरी आरतीला सगळे त्या एका ओटीवर उभे राहतात. चतुर्थीला ज्या घरात तुमच्या भावकीचा गणपती असेल तेच तुमचं मूळ घर, दुसरा पुरावा नको. जत्रेत माणसं देवळात भेटतील, गणपतीत घरात भेटतील, आणि घरात भेटणं वेगळं.

पाऊस असतो, गाड्या भरलेल्या असतात, रिझर्व्हेशन उघडल्या उघडल्या संपतं हे सगळं खरं. पण ज्या घरातून आपला माणूस रागावून गेला त्या घरी पुन्हा पाय ठेवायला गणपतीपेक्षा चांगलं निमित्त मला तरी माहीत नाही. गणपतीच्या दिवसांत दारात आलेल्याला कुणी तू कोण, कशाला आलास असं विचारत नाही.

आता दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही इथे लिहिलंत जमीन नकोय, ते तिथे पण पहिल्याच वाक्यात बोला, चहा यायच्या आधी. कोकणात आंबा आणि हायवे आल्यापासून जमिनीला जे भाव आलेत त्याच्यामुळे मुंबईचा माणूस दोन पिढ्यांनी दारात आला की मागे राहिलेल्याच्या पोटात गोळा येतो. त्याने तिथे राहून कलमं राखली, पावसाआधी कौलं परतली, देवाचं केलं, आणि आता हा येऊन सातबारा मागतोय. त्याची भीती खोटी नाहीये. म्हणून पहिल्या भेटीत कागदाचं नाव काढू नका, कागदांचं काम आधीच उरकलेलं असलं तरी फाईल पिशवीतच ठेवा. आजोबांचा फोटो न्या आणि ते पोस्टकार्ड न्या. त्या चुलत आजोबांच्या मुलाच्या हातात त्याच्या बापाचं अक्षर द्या.

ग्रामदेवतेला नारळ, घरच्या बाईला साडी किंवा खण-नारळ, पोरांना खाऊ. गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घ्या, बाबांच्या नावाने. आणि कुणी विचारलं की तुमच्याकडे आमचं सुतक पाळलं का, तर खरं सांगा की कळवणारं कोणी नव्हतं. तिथून पुढे कळवत जा असं ते म्हणाले की समजा भावकीत घेतलं तुम्हाला.

लाल_माती

गणपतीचं बोलणं मनाला पटतं तिठ्यावरच्या दादांचं, पण पंच्याहत्तरीच्या माणसाला भर पावसात, भरलेल्या गाडीतून, अनोळखी घरी? मी तरी नातूदादांना सांगेन की ह्या गणपतीला तुम्ही एकटे जा, घर शोधा, आरतीला उभे राहा, आणि जत्रेला बाबांना आणा. दोन्ही होईल.

डोंबिवलीचा_नातू

असंच करायचं ठरवलंय. काल लालबागला जाऊन आलो, गिरणगावातल्या दादांनी सांगितलं तसं विचारत विचारत शिरगावच्या एका म्हाताऱ्या काकांपर्यंत पोचलो. आजोबांचं नाव सांगितल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि वाडीचं नाव त्यांनी सांगितलं, मी काही विचारायच्या आधी. चुलत आजोबा आता नाहीत, पण त्यांचा मुलगा गावीच आहे, काजू-आंब्याची कलमं आहेत. नंबर पण दिलाय काकांनी.

फोन अजून केला नाहीये. एवढंच विचारायचं होतं की मी करू का बाबांनी करावा? बाबा म्हणतायत तू कर, मला आवाज फुटायचा नाही.

तिठ्यावरचा

बाबांनीच करायचा. चुलत का असेना, भाऊ आहे तो त्यांचा. तुम्ही केलात तर तिकडे मुंबईवरून कुणाचातरी फोन आला एवढंच होईल. आवाज नाही फुटला तरी चालेल, नाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, आणि फणसाचं विचारायचं, अजून आहे का म्हणून. संध्याकाळी सातच्या सुमारास करा, दिवसा माणूस कलमांत असतो आणि तिथे रेंज नसते.

चिपळूणची_सून

आणि फोन झाल्यावर इथे लिहा हो नक्की. आम्ही सगळे वाट बघतोय.